अंगणातला निस्तार

एखाद्या जागेचा मालक कोण, असे विचारले तर आपण लगेच कागद दाखवतो. शेत असेल तर सात-बारा, शहरातले घर असेल तर रजिस्ट्रीचा दस्त आणि नगरपालिकेच्या कराची पावती. कागदावर नाव लागले की प्रश्न मिटला, असे आपण धरून चालतो. पण मालक म्हणजे त्या जागेचे मनाला येईल ते करू शकणारा माणूस, हे त्या कागदावर कुठे लिहिलेले असते? धरणे, खाणी, महामार्ग यांच्या निमित्ताने हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो आणि सरकार, कंपनी, विकास अशा मोठ्या शब्दांच्या गर्दीत हरवून जातो. मला तो दहा फूट रुंद आणि चौदा फूट लांब अशा एका अंगणाच्या संदर्भात विचारायचा आहे. जागा इतकी लहान असली म्हणजे निदान आपण कशाबद्दल बोलतो आहोत ते नजरेसमोर राहते.

हे अंगण माझ्या भाच्याचे आहे. भंडारा शहराच्या कडेला एका नव्या वस्तीत त्याने रो-हाऊस घेतले. एका रांगेत बारा घरे, भिंतीला भिंत लागलेली आणि प्रत्येकाच्या मागे एवढाच मोकळा तुकडा. भाचा काही वर्षे पुण्याला नोकरीत होता. तिथे कंपनीतल्या लोकांबरोबर तो गोल्फ शिकला आणि त्या खेळाचा त्याला लळा लागला. आता नोकरी नागपुरात, आठवड्यातले तीन दिवस काम घरूनच. तेव्हा मागच्या अंगणात कृत्रिम गवताचे एक लहानसे ‘पटिंग ग्रीन’ बसवून घ्यावे, असे त्याच्या मनात आले.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गोल्फमध्ये लांबून मारलेला चेंडू शेवटी एका अतिशय गुळगुळीत, काही मिलिमीटरवर कापलेल्या हिरवळीवर येतो. ती हिरवळ म्हणजे ग्रीन. तिथून चेंडू हलक्या हाताने घरंगळत नेऊन भोकात घालायचा, त्याला पटिंग म्हणतात. भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. १८९१ मध्ये ठरलेले हे माप आजही तेच आहे. ताकदीपेक्षा इथे मनाचा ठहराव लागतो आणि तो सरावाने येतो. म्हणून घरच्या अंगणात रोज अर्धा तास सराव करता आला तर किती बरे, हा विचार अगदी स्वाभाविक आहे.

भाच्याने मला विचारले. माझी सारी नोकरी महसूल खात्यात, जमिनीच्या कागदांत गेली. शिवाय घरात वयाने मोठा. तो म्हणाला, “मामू, ठेकेदार येऊन माप घेऊन गेला आहे. तुमचे काय मत?” मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. एवढ्याशा गोष्टीवर मत काय द्यायचे, असे आधी वाटले. नंतर विचार करू लागलो तेव्हा ती गोष्ट एवढीशी राहिली नाही.

आधी एक आक्षेप बाजूला ठेवतो. आमच्या नातेवाइकांपैकी काही जण हसले. गोल्फ हा साहेबांचा खेळ, आपल्या पोराने कशाला ही थेरे करावीत, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. आमच्या मुलांनी शिकावे, चांगल्या नोकऱ्या कराव्यात, मात्र त्या नोकऱ्यांबरोबर येणारे खेळ त्यांनी खेळू नयेत, हे कुठले शहाणपण? निर्दोष खेळाला माझी हरकत नाही. प्रश्न खेळाचा नाही, खेळासाठी अंथरायच्या गोष्टीचा आहे.

ही गोष्ट जन्माला कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९६५ साली ॲस्ट्रोडोम नावाचे छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. आत खरे गवत लावले होते आणि त्याला ऊन मिळावे म्हणून छताला पारदर्शक तावदाने होती. पण त्या तावदानांतून येणाऱ्या उजेडाने खेळाडूंचे डोळे दिपू लागले, उंच गेलेला चेंडू दिसेना. मग तावदाने रंगवून टाकली. खेळाडूंचे काम झाले, गवत मात्र मेले. पुढल्या वर्षी, १९६६ साली, तिथे मोन्सॅन्टो कंपनीने बनवलेले प्लॅस्टिकचे गवत अंथरले गेले आणि त्या क्रीडागृहावरूनच त्याला ‘ॲस्ट्रोटर्फ’ हे नाव मिळाले. म्हणजे ज्या जागी माणसाने ऊन अडवले होते आणि गवत जगूच शकत नव्हते, तिथे हे गवत प्रसिद्ध झाले. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

आपल्या देशाला या गवताची ओळख हॉकीने करून दिली, आणि ती ओळख कडू होती. १९७५ साली क्वालालंपूरला भारताने विश्वचषक जिंकला. उपांत्य सामन्यात मलेशियाविरुद्ध हरत आलेला डाव भोपाळच्या अस्लम शेर खान यांच्या गोलने सावरला, ही आठवण आमच्या पिढीतले लोक अजून सांगतात. तो सामना मातीतल्या गवतावरचा. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. सगळा दोष मैदानाचा नव्हता, हेही खरे. पण खेळाची जमीन बदलली की कोण खेळू शकणार हेही बदलते, हे त्या दिवसांत कळले. पूर्वी गावातल्या कुठल्याही सपाट पडीक जागेवर पोरे हॉकी शिकत. नवे मैदान अंथरायला पैसा लागतो. आज लहान शहरांतही जाळ्या लावलेली ‘टर्फ’ तासाच्या भाड्याने मिळतात आणि पोरे वर्गणी काढून तिथे क्रिकेट खेळतात. मैदानाला दार आणि दाराला भाडे आले.

आता भाच्याच्या बाजूने जे म्हणता येईल ते सगळे आधी म्हणतो, कारण त्याची बाजू कच्ची नाही.

पहिली गोष्ट, नकली असण्याची. प्लॅस्टिकचे गवत खोटे आहे म्हणून वाईट, असे पटकन म्हटले जाते. पण आपण ज्या जानमाजवर सजदा करतो तिच्यावर वेली आणि फुले विणलेली असतात. इराणी विणकरांनी तर अख्ख्या बागा, त्यांतले पाट आणि झाडे गालिच्यात उतरवली. त्यांना कोणी खोटारडे म्हटले नाही. माणसाला हिरवे आवडते. वैशाखात डोळ्याला थोडे हिरवे दिसावे, अशी इच्छा होणे यात गुन्हा काय? तेव्हा नक्कल हा दोष मी मोजत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथे भाचा तयारीने आला होता. तो म्हणाला, “मामू, खरे लॉन लावले तर उन्हाळाभर पाणी घालावे लागेल. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नका, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी शिकवले. मग इसराफ कोणता? प्लॅस्टिकचा की पाण्याचा?” त्याचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. १४० चौरस फूट म्हणजे १३ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तर रोज ६५ लिटर. चार महिन्यांचे जवळपास ८ हजार लिटर. ज्या वस्तीत मे महिन्यात टँकरची वाट पाहतात तिथे हा आकडा लहान नाही. त्याचे म्हणणे मला मान्य करावे लागले: भंडाऱ्याच्या ४५ अंशांच्या उन्हात नुसत्या शोभेसाठी लॉन हिरवे ठेवणे हाही एक प्रकारचा माजच आहे.

पण हिशेब एका बाजूने मांडून चालत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्याच अंगणावर वर्षभरात जवळपास १७ हजार लिटर पाणी आभाळातून येते. ते कुठे जाते, हा दुसरा प्रश्न. आणि तिसरा असा, की खरे लॉन किंवा प्लॅस्टिकचे लॉन, एवढ्या दोनच गोष्टी शक्य आहेत का? आमच्या आईवडिलांच्या अंगणात दोन्ही नव्हते. पांढऱ्या मातीने सारवलेली जमीन होती, कडेला मेंदीचे कुंपण, एक पेरू, पावसाळ्यात आपोआप उगवणारी आणि उन्हाळ्यात आपोआप पिवळी पडणारी हरळी. तिला कोणी पाणी घालत नसे. गंमत अशी की उष्ण देशांतल्या गोल्फच्या मैदानांवर जे ‘बर्म्युडा’ गवत मोठ्या खर्चाने जपतात ते याच हरळीच्या कुळातले. शेतकरी जिच्या मुळ्या उपटून उपटून थकतो तीच जात तिथे गालिच्यासारखी कापली जाते, आणि प्लॅस्टिकवाले नक्कलही तशाच हिरवळीची करतात.

ठेकेदाराने काम कसे करतात ते समजावून सांगितले. आधी चार ते सहा इंच माती खोदून बाहेर काढायची. खाली कापडासारखी जाड चादर अंथरायची, म्हणजे खालून काही उगवून वर येणार नाही. त्यावर गिट्टी, त्यावर बारीक चुरी, पाणी मारून चोपायची आणि थोडा उतार द्यायचा. योग्य जागी भोकाचा डबा गाडायचा. मग गवताचा रोल उलगडायचा, सांधे चिकटवायचे, कडा खिळवायच्या आणि शेवटी पात्यांमध्ये बारीक वाळू झाडूने भरायची. असे नीट केले तर पाणी खाली मुरते, हे मी मान्य करतो. पण त्याच ठेकेदाराने दुसरा, टिकाऊ म्हणून पर्याय सांगितला: खाली सरळ काँक्रीट टाकू, कटकट नको. आणि बहुतेक लोक तोच घेतात, असेही तो म्हणाला.

तोटे त्याने विचारल्यावर सांगितले. भर उन्हात प्लॅस्टिकचे गवत इतके तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. खरे गवत आपल्या पानांतून पाणी सोडून स्वतःला थंड ठेवते; प्लॅस्टिकला तो मार्ग नाही, त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जातो. मग तेही थंड करायला पाणी मारावे लागते. आठ-दहा वर्षांत पाती झिजतात, मोडतात, त्यांचे तुकडे वाऱ्याने आणि पावसाने गटारात जातात. पात्यांचे प्लॅस्टिक वेगळे, तळाचे वेगळे, त्यात वाळू आणि डिंक, म्हणून जुना गालिचा पुन्हा वापरात आणणे अवघड. युरोपीय संघाने २०२३ मध्ये सूक्ष्म प्लॅस्टिकवर नियम केला आणि क्रीडांगणांच्या कृत्रिम गवतात भरले जाणारे प्लॅस्टिक-रबराचे दाणे २०३१ पासून विकता येणार नाहीत असे ठरवले. घरच्या पटिंग ग्रीनमध्ये बहुधा वाळू भरतात, म्हणून हा नियम जसाच्या तसा इथे लागू पडत नाही; पण वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते त्यावरून कळते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तर २०२२ मध्ये आपल्या बाग-प्रदर्शनांतून कृत्रिम गवत हद्दपार केले.

हे सगळे फायदे-तोटे झाले. त्यांचा तराजू कसाही झुकवता येतो. माझे मन ज्या गोष्टीपाशी अडले ती वेगळीच होती.

भाच्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, आमची आपा. ती त्याच घरात राहते. गेल्या हिवाळ्यात ती न्यूमोनियातून उठली. डॉक्टरांनी काही दिवस गार पाण्यापासून जपायला सांगितले होते. तिने तयम्मुम करायचे ठरवले आणि सुनेला म्हणाली, “बेटी, थोडी स्वच्छ माती आण.” घरात सगळीकडे चकचकीत टाइल्स, भिंतींना ऑइलपेंट. मौलवीसाहेबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, मातीची वीट किंवा दगडही चालतो, काळजी करू नका. पण आपाला मातीच हवी होती. सून मागच्या अंगणात गेली आणि वाटीभर कोरडी माती घेऊन आली. आपाने तिच्यावर तळहात ठेवले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मसल्याच्या पलीकडचे होते. माणूस पाण्याविना राहिला तर त्याला पाक करायला मातीची योजना केली गेली, कारण माती कुणालाही, कुठेही, फुकट मिळेल असे त्या काळी गृहीत होते. आता ती घरामागच्या एका तुकड्यात उरली आहे, आणि आम्ही त्याच तुकड्याचा विचार करत होतो. बाकी अकरा घरांच्या मागे फरशी किंवा पेव्हिंग ब्लॉक बसलेले आहेत. रांगेतली ही शेवटची उघडी माती.

आपाने ग्रीनच्या बाबतीत हो किंवा नाही, काहीच म्हटले नाही. घर मुलाचे आहे, ती म्हणते. पण तिचा त्या मातीवर काही हक्क आहे की नाही? हा हक्क कुठल्या कागदावर आहे?

इथे मला माझ्या नोकरीत हाताखालून गेलेले दोन जुने शब्द आठवले, आणि ते दोन्ही आपल्या वाचकांना ओळखीचे वाटतील. एक ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि दुसरा ‘निस्तार’.

आपला जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या आणि इतर जाणत्या लोकांनी इथे हजारो तलाव बांधले. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेला नवेगाव बांध त्यांतलाच. इंग्रजांच्या काळात गावाचा मालक मालगुजार ठरला आणि तलावही त्याच्या नावावर लागले. पण गावोगाव जो बंदोबस्त झाला त्यात ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्त तयार झाला. वाजिब म्हणजे जे टाळता येत नाही ते. अर्ज म्हणजे मांडणे. जे मांडलेच पाहिजे ते. मालगुजार मालक असला तरी गावच्या लोकांना तलावाचे पाणी, गुरांची चराई, जंगलातले सरपण, घरासाठी माती यांवर रिवाजाने काय हक्क आहेत, ते अशा कागदांत नोंदले गेले. या हक्कांना निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणू लागले. तरी महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही नावे टिकून राहिली.

मी हे कागद वर्षानुवर्षे हाताळले. नोकरीत असताना ती मला जुनी किचकट भाषा वाटे. आता वाटते, त्यात मोठा विचार होता. मालकी नाकारलेली नव्हती. तलाव ज्याचा त्याचाच होता. पण त्या मालकीच्या पोटात दुसऱ्यांचा निस्तार होता, आणि तो मालकाची मेहेरबानी नव्हता. मालक आला-गेला, निस्तार राहिला. वरच्या तलावाच्या सांडव्यातून वाहिलेले पाणी खालच्या तलावात जाई. वरच्या मालकाने आपल्या पाळीत बसून सांडवा बुजवावा, असे म्हणण्याची सोय नव्हती.

याच भंडारा-गोंदिया भागात गेल्या काही वर्षांत एक काम झाले. तलावांत बेशरम माजले होते, मासळी घटली होती. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थांच्या साथीने ढिवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी ते बेशरम उपटले आणि तलावाच्या तळाशी देशी पाणवनस्पती हाताने पुन्हा लावल्या. तलाव त्यांच्या नावावर नाहीत. पाण्याखालची ती हिरवळ कोणाला दिसतही नाही. तरी ती लावली, कारण मासा तिथे अंडी घालतो आणि माशावर घर चालते. एका जिल्ह्यात एकीकडे लोक चिखलात उभे राहून खरे गवत रोवत आहेत आणि दुसरीकडे आपण माती खोदून काढून गवताचे चित्र अंथरण्याचा विचार करतो आहोत. मी भाच्याला एवढेच सांगितले, टोमणा मारला नाही.

मग भाच्याच्या अंगणात निस्तार कोणाचा? मी मोजू लागलो. आपाचा, वाटीभर मातीचा. पावसाच्या पाण्याचा, मुरण्यासाठी. रांगेतल्या शेवटच्या, सखल घराचा: बारा अंगणांवर मिळून वर्षाला दोन लाख लिटरवर पाणी पडते, अकरा अंगणांतले गल्लीत धावते आणि जुलैत त्या घराच्या उंबऱ्याला लागते. मुंग्यांचा, गांडुळांचा, मातीत अंग घुसळून धुळीचे स्नान करणाऱ्या चिमण्यांचा. आणि उद्या भाच्याला मूल होईल, त्याचाही. मातीत खेळायला त्याला दुसरीकडे कुठे न्यायचे? यांतले कोणी अर्ज घेऊन कचेरीत येणार नाही. म्हणून तर तो मांडणे वाजिब.

यावर भाच्याने जो प्रश्न केला तो सर्वांत अवघड होता. “मामू, मग घर बांधतानाही आपण जमीन झाकलीच ना? तुमचे स्वतःचे घर मातीवरच उभे आहे. आणि अकरा जणांनी झाकून टाकले, महामार्गासाठी केवढी जमीन गेली; माझ्या १४० फुटांनी असे काय होणार?”

पहिल्या भागाचे उत्तर असे, की होय, घर जमीन झाकते. शेतकरीसुद्धा बी मातीने झाकतो. झाकणे हेच पाप असते तर माणसाला जगताच आले नसते. निवाऱ्यासाठी झाकावे लागते तेवढे झाकतो आणि म्हणूनच मागे तुकडा उघडा सोडतो. तो तुकडा म्हणजे आपल्या गरजेतून वाचवलेला इतरांचा वाटा. गरज भागल्यावर आवडीसाठी तो वाटाही घ्यायचा का, एवढाच प्रश्न आहे. आवड हलकी नाही, पण वाट्यापेक्षा तिचे वजन कमी आहे.

दुसऱ्या भागाचे उत्तर देणे मला जड गेले, कारण परिणामाच्या भाषेत ते देता येत नाही. १४० फुटांनी भूजल वाढणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाराव्या माणसाचे ओझे पहिल्यापेक्षा वेगळे असते. पहिल्याने फरशी बसवली तेव्हा मागे अकरा अंगणे उघडी होती. बारावा झाकेल तेव्हा मागे काही उरणार नाही. इतरांनी आपापला वाटा मोडला म्हणून माझा वाटा लहान होत नाही. उलट सगळ्यांचे राहिलेले देणे माझ्या अंगणात येऊन थांबते. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. भाच्यावर ते अन्यायाचेच आहे. पण शेवटच्या माणसाच्या वाट्याला अनेकदा असेच येते, आणि अशा वेळीच त्याच्या नियतीची परीक्षा होते.

आता खेळाचे काय? इथे ॲस्ट्रोडोमची गोष्ट पुन्हा आठवावी. जिथे ऊन नाही, माती नाही, तिथे कृत्रिम गवत कुणाचा निस्तार बुडवत नाही. भाच्याच्या घराला गच्ची आहे. गच्चीच्या सिमेंटवर सकाळ-संध्याकाळ लहानसा गालिचा उलगडला आणि काम झाल्यावर गुंडाळून ठेवला तर ऊनही त्याला कमी खाईल आणि मातीही उघडी राहील. प्लॅस्टिक ते प्लॅस्टिकच, पण त्याने निदान कुणाची जागा घेतलेली नसेल.

आणि अंगणातच खेळायचे असेल तर गोल्फच्याच इतिहासात एक विसरलेली वाट आहे. आपल्या देशात जिथे ग्रीन हिरवे ठेवणे परवडत नसे तिथे अनेक मैदानांवर ‘ब्राउन’ असत: तेल मिसळलेली बारीक वाळू चोपून केलेली सपाट, तपकिरी जागा. खेळणारे त्यावरच पटिंग करत आणि पुढच्यासाठी वाळू सारखी करून ठेवत. म्हणजे त्या खेळानेही एके काळी इथल्या जमिनीशी समझोता केला होता. तेल आपण वगळू. चाळलेली माती आणि बारीक वाळू, पाणी शिंपून चोपलेली, वर पांढऱ्या मातीचे सारवण. आमच्या आईच्या अंगणावरून गोटी कशी सरळ घरंगळत जाई ते आपाला विचारावे. भोकासाठी १०८ मिलिमीटरचे भांडे लागेल. भंडारा तर पितळेच्या भांड्यांचे शहर. कुणीही कारागीर ते एका दिवसात घडवून देईल. पावसाळ्यात अंगण मोडेल, हरळी येईल, दिवाळीनंतर पुन्हा चोपावे लागेल. दरवर्षी थोडे कष्ट पडतील. पण दरवर्षी डागडुजी करावी लागणारी जमीन जिवंत असते, हे तलाव सांभाळणाऱ्यांना माहीत होते.

भाच्याने अजून ठरवलेले नाही. ठेकेदाराला त्याने पावसाळ्यानंतर या म्हणून सांगितले आहे. मी त्याच्यावर दबाव टाकणार नाही. तो कायद्याने मालक आहे आणि कष्टाच्या पैशाने घर घेतलेला शहाणा मुलगा आहे. त्याने शेवटी गवत बसवले तरी मी त्याच्या घरी जाईन, चहा पिईन आणि पटिंगही शिकेन.

पण आपण सगळ्यांनीच विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. शहरे वाढत आहेत, अंगणे लहान होत आहेत आणि त्या लहान अंगणांसाठी कुठलाही तहसीलदार निस्तारपत्रक करणार नाही. जे हक्क पूर्वी गावाने मांडले आणि सरकारने नोंदले, ते आता घराघरांत ज्याचे त्याने नोंदायचे आहेत. आपल्या अंगणात दुसऱ्या कुणाकुणाचे येणे-जाणे आहे, कोण मुरते, कोण उगवते, कोण वाटीभर माती मागू शकते, याची यादी फरशीवाल्याला किंवा गवतवाल्याला बोलावण्याआधी एकदा करावी. यादी केल्यावरही काही जण झाकतील. काही जण एक हात जागा उघडी सोडतील. माझ्या हिशेबाने ती एक हात जागाही कमी नाही.